राखीव पट्ट्यात पडलेला पाय

माझे वडील कबड्डीचे पंच होते. ‘होते’ लिहिताना हात अडखळतो, कारण ते चांगले धडधाकट आहेत. अर्धापूरच्या बाजूला आमची केळीची बाग आहे, तिच्यात आजही दिवसभर फिरतात, घड उतरवताना गड्यांच्या बरोबरीनं वाकतात. फक्त पंच राहिलेले नाहीत. ते कसं झालं, एवढंच मला सांगायचं आहे. सांगता सांगता मी चिडेन. माझ्या या स्वभावाला सासरी तिखट म्हणतात. माहेरी त्याला कुणी नावं ठेवली नव्हती.

आप्पा शाळेत खेळाचे मास्तर होते. नांदेडच्या आसपास कुठंही कबड्डीचे सामने असले की त्यांना बोलावणं यायचं. मी त्यांची एकुलती एक. मीही कॉलेजपर्यंत खेळले, उजवा कोपरा सांभाळायचे, आणि जेवायला बसल्यावरही आमच्या दोघांच्या गप्पा चढाईच्या आणि पकडीच्याच असायच्या. आई वैतागायची. माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत आई गेली. तेव्हापासून आप्पा एकटेच राहतात, शेजारची चुलती डबा देते. माझं माहेर म्हणजे आता आप्पाच.

सासर निलंगा तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. नवऱ्याचं निलंग्यात बी-बियाण्यांचं दुकान, मी तिथंच एका शाळेत शिकवते, दोघं रोज मोटारसायकलवर जातो-येतो. सासरे ऊस लावतात आणि गावच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष आहेत. धाकटा दीर संघाचा कप्तान. म्हणजे एका कबड्डीच्या घरातून उठून मी दुसऱ्या कबड्डीच्या घरात आले, आणि हे माझं नशीबच असं वाटून सुरुवातीला मी फार खूश होते.

फरक एकच होता. या गावात सरावाला मैदान आखताना फक्त बाहेरची चौकट ओढतात. कबड्डीच्या मैदानाला दोन्ही कडांना एकेक राखीव पट्टा असतो. चढाईला गेलेल्या गड्यानं समोरच्या कुणाला तरी शिवलं, झटापट झाली, की मग तो पट्टा मैदानात धरतात. त्याआधी तिथं पाय पडला की बाद. पट्ट्याची ही आतली रेघ आमच्या गावात कुणी ओढतच नाही. चुन्याची फक्की कमी लागते आणि पोरांना पळायला जागा जास्त मिळते. मी एकदा दिराला म्हटलंही होतं की, भाऊजी, रेघ आखून खेळा, नाही तर पायाला सवय लागणार नाही. तो हसला होता, आणि सासूबाईंनी मला भाकरी करपतेय म्हणून आत बोलावलं होतं.

मागच्या जत्रेत मंडळानं मोठे सामने भरवले. अंतिम सामन्याला पंच मिळेना, तेव्हा सासऱ्यांनी बैठकीत सांगून टाकलं की आमचे इवाईच नांदेडकडचे नामी पंच आहेत, त्यांनाच बोलावू. इवाई म्हणजे व्याही. मला कुणी विचारलं नाही. आप्पांना फोन गेला, आणि रात्री त्यांनी मला फोन केला. म्हणाले, लेकीच्या गावात शिट्टी घेऊन जाणं बरं नाही. मग नाही म्हणून कळवा, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी निलंग्याच्या गाडीची वेळ विचारली. लेकीच्या सासऱ्यानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. आमच्याकडे मुलीच्या बापाला अशा वेळी नाही म्हणता येत नाही.

उदगीरकडचा संघ समोर होता. त्यांनी आधीच हरकत घेतली की पंच यांचा सोयरा आहे. सासऱ्यांनी छातीवर हात ठेवून त्यांना सांगितलं, की आमचे पाव्हणे देवमाणूस आहेत, फैसला चोख करतील. उदगीरची माणसं मान डोलावून गेली, आणि ती गेल्यावर ओट्यावर बसलेली आमची मंडळी एकमेकांकडे बघून हसली. ते हसू मी पाहिलं. गावाला वाटत होतं की पंच घरचा आहे, आता काळजी नाही. मला त्याच क्षणी आप्पांना उलट्या पावली गाडीत बसवावंसं वाटलं.

सकाळी आप्पांनी स्वतः मैदान आखलं. घमेल्यात फक्की घेऊन वाकून वाकून आतली रेघही ओढली, आणि दोन्ही संघांच्या पोरांना ती पायानं दाखवली. सगळ्यांनी हो म्हटलं.

सामना दुपार कलल्यावर सुरू झाला. आम्ही बायका शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो, मैदानाच्या डाव्या कडेला, अगदी राखीव पट्ट्यासमोर. शेवटी दोन्हीकडचे गुण सारखे झाले आणि शेवटची चढाई आमच्या दिराची आली. तो चपळ आहे, वाऱ्यासारखा जातो. समोरचे गडी त्याला कडेला दाबत आले. त्याचा डावा पाय आतल्या रेघेच्या पलीकडे, पट्ट्यात पडला. तोवर त्यानं कुणाला शिवलेलं नव्हतं, त्याला कुणी शिवलेलं नव्हतं. मग तो वळला, दोघांना हात लावला आणि उडी मारून मध्यरेषा ओलांडून परत आला. गाव उठून उभं राहिलं, हलगी सुरू झाली, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. आणि त्या सगळ्या गोंधळात आप्पा एक हात वर करून उभे होते. चढाई करणारा बाद. गुण उदगीरला.

मला पाय पडताना दिसला होता. ज्या क्षणी पडला त्याच क्षणी मी दिराऐवजी आप्पांकडे बघितलं, कारण त्यांनाही दिसला असणार हे मला माहीत होतं.

हलगी थांबली. सासरे मैदानात आले. ते ओरडले नाहीत, त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

“पाव्हणं, एकडाव नीट इचार करा. सारं गाव बघायलंय.”

“इवाई, पाय पट्ट्यात पडला हाय,” आप्पा म्हणाले. “म्या काय करू?”

ढाल उदगीरला गेली. आप्पांच्यासाठी घरी पुरणाचा स्वयंपाक केला होता. ते अंगणापर्यंत आले, कुणी या म्हणालं नाही, कुणी बसा म्हणालं नाही. त्यांनी पिशवी उचलली, मला नुसती मान हलवून खूण केली आणि स्टँडकडे चालू लागले. मी मागं जायला निघाले तर नवरा म्हणाला, राहू दे. एवढंच म्हणाला, पण वाटेत उभा राहून म्हणाला.

त्यानंतर आमच्या घरात तो पाय रोज पडायला लागला. कुणीतरी मोबाइलवर ती चढाई टिपली होती, ती गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरली. सकाळी चहाच्या वेळी सासरे ती लावायचे, दुपारी पारावर कुणी लावायचं, दुकानात आलेलं गिऱ्हाईकसुद्धा बियाण्याची पिशवी बाजूला ठेवून नवऱ्याला दाखवायचं. टिपणारा पलीकडच्या कडेला होता. त्यामुळे धूळ, पाठी आणि लंगोट-चड्ड्याच जास्त दिसत होत्या. तरी एका जागी थांबवलं की दोन गड्यांच्या पायांमधून दिराची टाच दिसते आणि तिच्या अलीकडे फक्कीची पांढरी रेघ दिसते. मी ती सासऱ्यांना थांबवून दाखवली. ते म्हणाले, ती रेघ पुसटलेली हाय. नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, टाच वर हाय, टेकलेलीच न्हाई. सासूबाईंनी पडद्याकडे न बघताच सांगितलं की बाप म्हणल्यावर पोरगी त्याच्याच बाजूनं बोलणार. यावर मी काय बोलणार? बोलले की बापाची बाजू, गप्प बसले की कबुली. मी नियम सांगितला, मैदानाचं चित्र कणकेच्या परातीत बोटानं काढून दाखवलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सासरे म्हणाले, नियम बराबर हाय गं, पण आपल्या माणसानं असं करू ने.

त्या दिवशी मला कळून चुकलं की हे लोक पायाबद्दल भांडतच नाहीत. पाय पडला की नाही याच्याशी त्यांना घेणंदेणंच नव्हतं. मी मात्र रोज पाय सिद्ध करत बसले होते.

मग एका दुपारी दीर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यानं पाणी मागितलं, प्याला, आणि तांब्या हातातच ठेवून म्हणाला,

“वैनी, पाय पडला होता. मला कळलं होतं तवाच.”

मला इतकं हलकं वाटलं की मी खालीच बसले. मग हे पारावर सांगा, मी म्हटलं. निदान मामंजींना सांगा. तो म्हणाला, कसं सांगू, पोरांनी खांद्यावर घेतलं होतं, आता सगळी म्हणायलीत की आपल्याला पंचानं पाडलं, त्यांना काय सांगू. मी त्याला समजावलं, मग रागावले, मग अक्षरशः हात जोडले. तो तांब्या ठेवून निघून गेला.

मी संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो माणूस वाईट नाही. तो लगेच म्हणाला, असं असेल तर विचारू. रात्री जेवताना त्यानं सगळ्यांसमोर दिराला विचारलं. दिरानं ताटातून मान वर केली नाही.

“म्या असं कवा म्हणलो, वैनी?”

सासूबाईंनी त्याच्या ताटात भाकरी वाढली. त्या रात्री मला आप्पांपेक्षा स्वतःचीच जास्त कीव आली, आणि राग तर असा आला की त्याचं काय करावं ते कळेना. सकाळी उठून मी पुन्हा सगळ्यांचा चहा केला. दिराचाही केला.

तेवढ्यात अधिक महिना लागला. धोंड्याचा महिना. आमच्याकडे या महिन्यात लेक-जावयाला माहेरी जेवायला बोलावतात, पुरणाचे धोंडे करतात, जावयाला अनारशांचं वाण देतात. बोलावणं करायला बापानं स्वतः यायचं असतं. सासऱ्यांनी महिना लागायच्या आधीच सांगून ठेवलं होतं की यंदा कुणी आलं तरी पोराला पाठवायचं नाही. नवरा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मला धोंड्याच्या जेवणाची हौस नव्हती. पण यंदा गेलो नाही तर मग पुढच्या दिवाळीला कोण जाणार, आप्पा आजारी पडले तर कोण पाठवणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. सोयरिकीत एकदा येणं-जाणं थांबलं की पुन्हा सुरू करायला कुणाचं तरी मरण लागतं. मी आप्पांना फोन करून सगळं सांगितलं. दिराचंही सांगितलं. तुम्ही बरोबर होतात, त्याला स्वतःला माहीत आहे, असं मी दोनदा म्हणाले. आप्पा हां हां म्हणत राहिले.

आठवड्याभरात ते आले. पांढरा सदरा, टोपी, हातात आमच्या बागेतल्या केळ्यांची अख्खी फणी. सासरे ओसरीवर होते, मंडळाची तीन-चार माणसं बसलेली होती, दीर कट्ट्यावर मोबाइल बघत होता. मी दारामागून बघत होते. मला वाटलं, आता आप्पा नियम सांगतील. त्यांच्यासारखं कुणाला सांगता येत नाही. त्यांनी सांगितलं की समोरच्याला आपणच इतके दिवस कसे चुकत होतो असं वाटतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगा, सगळ्यांसमोर सांगा, आणि भाऊजी इथंच बसलेत.

आप्पांनी फणी खाली ठेवली, टोपी काढून हातात घेतली.

“इवाई, माझं चुकलं. त्या दिवशी नजरेनं धोका दिला. पाय बाहीर न्हवता पडला. पोराची चढाई चांगली होती.”

दीर उठला आणि गोठ्याकडे निघून गेला. मग सासऱ्यांनी आप्पांच्या हातातली टोपी घेऊन त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, माणूस हाय, चुकतंय. हातपाय धुवा, जेवून जावा. मंडळातल्या एकानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आपण तर आधीपासून म्हणत होतो. आत सासूबाईंनी मला आनंदानं हाक मारली की शेवया काढ, पाव्हणे जेवायला थांबलेत. मी शेवया काढल्या. दूध आटवताना डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चुलीसमोर बाई रडते तेव्हा ते धुरानंच असं सगळे धरतात. आमच्याकडे गॅस आहे, तरी कुणी विचारलं नाही.

त्यांना सोडायला मी स्टँडपर्यंत गेले. वाटेत मी फार बोलले. इतके दिवस मी तुमच्यासाठी एकटी भांडतेय, म्हटलं, आणि तुम्ही येऊन मलाच खोटं पाडलंत. आता मी या घरात पुन्हा कधी कशाबद्दल तोंड उघडलं तर माझं कोण ऐकणार? आप्पांनी मला सगळं बोलू दिलं. एस.टी. लागलेली होती. पायरीवर एक पाय ठेवून ते म्हणाले,

“पाय पडला हाय, पोरी. पण तुला यायचं हाय ना घराकडं?”

मला यायचं होतं. हो म्हणावं लागलं.

धोंड्याला गेलो. चुलतीनं सगळं केलं होतं. नवरा आप्पांशी केळीच्या भावाबद्दल आणि ठिबकबद्दल भरभरून बोलत होता, मनापासून खूश होता. जेवताना आप्पांचा फोन वाजला. भोकरकडच्या कुठल्यातरी मंडळाचे सामने होते, त्यांना पंच म्हणून बोलावत होते. आप्पांनी घास तसाच ठेवून सांगितलं की आता जमत नाही, नजर कमी झाली आहे, दुसरा कुणी बघा. फोन ठेवून ते मला म्हणाले, जावयाला धोंडा वाढ. ज्या माणसानं भर गावात दिलेला फैसला मागं घेतला, तो पुन्हा शिट्टी कोणत्या तोंडानं वाजवणार, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण आमच्या नवऱ्याला नजरेचं कारण खरंच वाटलं. तो हात धुताना म्हणाला, आप्पा, हे असं अंगावर काढू नका, लातूरला डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत, मी स्वतः घेऊन जातो. आप्पा नको नको म्हणाले. तो ऐकेना. लग्नानंतर त्यानं माझ्या बापासाठी इतक्या आपुलकीनं काही करायला घेतलं ते हेच पहिल्यांदा.

लातूरच्या दवाखान्यात खूप गर्दी होती. नवऱ्यानं दुकान बंद ठेवलं होतं, आप्पांसाठी उसाचा रस आणला, ते बाकावर बसले तर त्यांच्या पाठीला आपली बॅग लावली. नंबर आल्यावर आम्ही तिघंही आत गेलो. तिथल्या मुलीनं आप्पांना खुर्चीवर बसवलं, एका डोळ्यावर झाकण धरलं आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. आप्पांनी वरची मोठी अक्षरं वाचली. त्याखालची वाचली. मग थांबले.

मी त्यांच्या मागं भिंतीला टेकून उभी होते, तितक्याच अंतरावर. मला शेवटच्या ओळीपर्यंत सगळं दिसत नव्हतं. त्यांना दिसत होतं. त्या सकाळीच त्यांनी स्टँडवर लांबून येणाऱ्या एस.टी.ची पाटी माझ्या आधी वाचली होती. मुलीनं विचारलं, काका, पुढची ओळ? आप्पांनी मान पुढं काढली, डोळा बारीक केला.

“न्हाई बगा दिसत.”

मुलीनं काचा बदलल्या. आता? न्हाई. आता? थोडं थोडं. ‘म’ होता तिथं त्यांनी ‘भ’ सांगितला, ‘प’ होता तिथं ‘ष’ सांगितला, आणि सांगताना आवाजात जरासुद्धा फरक पडू दिला नाही. मोठे डॉक्टर आले, त्यांनी उजेड टाकून बघितलं आणि म्हणाले, डोळा तर निरोगी दिसतोय, वयाच्या मानानं चांगलाच आहे, काका, पुन्हा एकदा नीट वाचा बरं. आप्पा खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसले आणि पुन्हा चुकीचं वाचलं. नवरा काळजीनं पुढं वाकून ऐकत होता. मग तो माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, बघ, म्हणजे त्या दिवशी त्यांना खरंच दिसलं नव्हतं. उगाच आम्ही राग धरला त्यांच्यावर.

मी हो म्हणाले.